नाटकातलं मयत

१८ नोव्हेंबर १९७३, रविवार

हे आज दारातूनच ओरडले, "कस्तुरा, मला काम मिळालं! मुख्य काम!"

ह्यांच्या कंपनीतले लोक दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरतात. इतकी वर्षं ह्यांच्या वाट्याला हवालदार नाहीतर नोकर यायचा, तोही नसला की पडदा ओढायचं काम. मुख्य म्हटल्यावर मला वाटलं एखादा राजा नाहीतर पुढारी असेल. विचारलं, "कसलं हो काम?"

"मयताचं."

भाकरी थापता थापता माझा हात थांबला.

मग ह्यांनी चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. टाइम ऑफिसातल्या अण्णासाहेबांनी लिहिलंय, बसवणारही तेच. पडदा उघडतो तेव्हाच म्हातारा मेलेला असतो. सकाळचा चहा यायच्या आधीच जातो बिचारा. आणि घरात त्याला न्यायला कुणालाच वेळ नाही. थोरल्याची पहिली पाळी, धाकटा रॉकेलच्या रांगेत, शेजाऱ्याच्या दारात मुलीच्या लग्नाचा मांडव, तो म्हणतो वरात निघेपर्यंत कळ काढा. म्हातारा पडल्या पडल्या सगळं ऐकतो. कुणी बघत नसलं की उठून बसतो आणि समोरच्या लोकांशी बोलतो, माझा चहा राहिला म्हणतो.

"हसून हसून मरतील लोक," हे म्हणाले.

यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कळलं नाही.

आमच्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी सासऱ्यांनी कुरुळीच्या घरातले देव नदीत सोडले. बालवाडीतल्या पोरांच्या आयांना मीच सांगते, मांजर आडवं गेलं म्हणून काही होत नाही. तेव्हा बोलायला मला तोंड नव्हतं. पण जित्याजागत्या माणसानं नाकात कापूस घालून पडायचं हे मला आवडलेलं नाही. इथंच लिहून ठेवते.

२ डिसेंबर

सकाळपासून खाटेवर तालीम चाललीय. मयताची छाती हलता कामा नये, म्हणून श्वास धरून बघतात. जमत नाही. जरा वेळ धरला की तोंड लाल होतं आणि उठून खोकत बसतात. म्हटलं, बिड्या सोडा. म्हणाले, "दिवाळीलाच सोडल्यात की." मला पत्ताच नाही. बायको म्हणवते मी!

सासूबाई, आमच्या आत्याबाई, पाणी घेऊन आल्या तशी हे झटक्यात उठून बसले. आईला काम कसलं आहे ते सांगायचं नाही, अशी मला ताकीद आहे.

२३ डिसेंबर

हल्ली उशाला दोन उशा लागतात. मयताचं डोकं उंच ठेवायचंय, लोकांना तोंड दिसलं पाहिजे, म्हणून सवय करतोय म्हणाले. एवढं मनावर घेतलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

पायांना सूज आहे. लेथवर पाळीभर उभं राहायचं आणि सुटल्यावर तालीम, दुसरं काय होणार? आत्याबाई तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "ल्हानपणी बी असंच सांधं धरलं हुतं ह्याचं. ताप काय उतरंना. दोन म्हैनं हातरुनावर हुतं पोर."

हे एकदम चिडले. "आई, ते जुनं कशाला उकरतेस?"

आईवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. नाटकाचं ओझं डोक्यावर घेतलंय फार.

आणि माझ्यामागे टुमणं लावलंय, नगरपालिकेच्या शाळेत अर्ज कर. म्हटलं, "बालवाडीत काय वाईट आहे? घर तुमच्या पगारावर चालतंय ना?" तेव्हा विषय सोडला. सकाळी उठल्यावर पुन्हा तेच. आम्हाला मूलबाळ नाही, तीन माणसांना असं किती लागतं? माणूस पैशाला लोभावला की त्याचं असं होतं. वाईट वाटलं.

६ जानेवारी १९७४

दर गुरुवारी पुण्याला तालीम असते म्हणून हे आणि मालोजी जातात. मालोजी ह्यांच्याच खात्यातले, नाटकात शेजाऱ्याचं काम करतात. या गुरुवारी दोघं परत आले ते पडलेल्या तोंडानं. मला संशय आला. जवळ जाऊन वास घेतला. दारूचा नव्हता, दवाखान्यात येतो तसला होता.

"हा कसला वास?"

"मिशा चिकटवायचा डिंक," हे म्हणाले.

"मयताला मिशा आहेत?"

यावर मालोजी एवढ्या मोठ्यांदा हसले, की पलीकडच्या खोलीतली बाई डोकावून गेली. हसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं मात्र नाही. त्या दोघांचं काहीतरी आहे. मला वाटतं, नाटकात सुनेचं काम करायला पुण्याची एक बाई येते, तिच्या घरी ह्यांची बैठक होत असावी. विचारणार नाही. विचारलं तर ऐकावं लागेल.

१४ जानेवारी

नाटकाला येणार नाही म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "का? अपशकुन वाटतो?"

"छे!"

"मग बाईचं वाटतं?"

मी तांदूळ पाखडत राहिले. हे हसले आणि माझ्या हातातलं तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाले, "ती बाई माझ्या आईच्या बरोबरीची आहे. ये तू. तू आलीस तर मला बरं वाटेल."

त्यांनी असं काही कधी मागितलं नव्हतं.

२० जानेवारी, रविवार

लिहायला बसले तरी अजून हसू येतंय.

आत्याबाईंना घरी ठेवून गेले. बसायला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. पडदा उघडला आणि हे समोर! खाटेवर पडलेले, नाकात कापूस, अंगावर आत्याबाईंच्या हातची गोधडी. नाटकवाल्यांनी ती आमच्याच घरून नेलीय.  मी पदर तोंडाशी धरला, उठून जावं असं वाटलं.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. "मामंजी, चहा!" हाक मारते, मारते, मग कळतं की गेला. रडायला तोंड उघडते, तर नवरा म्हणतो, "थांब, आधी तो चहा दे, पाळीची वेळ झाली." तो फुर्रकन पिऊन टाकतो. सगळे आत गेले आणि हे गोधडीतून हळूच उठून बसले. कप उचलून त्यात डोकावले. उलटा करून बघितला. मग आमच्याकडे तोंड करून म्हणाले, "तळाला साखरसुद्धा ठेवली नाही हो!"

हशा असा उठला की बास. आणि माझं मलाच कळलं नाही, मीही हसत होते.

मग काय विचारता! दर थोड्या वेळानं चहा होतो आणि दरवेळी दुसराच कुणी पितो. पत्रं लिहायला बसलेले, लाकडं आणायला गेलेले, सगळे पितात. एकदा हे गोधडीखाली असताना ह्यांना खरोखरचा खोकला आला. थांबेचना. गोधडी नुसती उडत होती. मला वाटलं, झालं, नाटक पडलं. पण मालोजी पटकन पुढं होऊन म्हणाले, "मयताला गार हवा बाधलेली दिसते, अजून एक पांघरूण आणा!" लोक बाकांवर थापा मारायला लागले. मी तर डोळे पुसत होते.

शेवटी वरात जाते, पाळी सुटते, तिरडी बांधून होते. पण खांदेकरी तीनच. चौथा मिळत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. मग हेच उठतात, आपल्या जागी उशी निजवतात, गोधडी नीट घालतात आणि चौथा खांदा देऊन शीळ घालत स्वतःलाच घेऊन जातात.

येताना रस्त्यात हे फार सावकाश चालत होते. विचारलं, "हसलीस?"

"पोट दुखेस्तोवर."

"मला ऐकू येत होतं. एवढ्या लोकांत तुझं वेगळं ऐकू येत होतं." थोडं पुढं जाऊन परत थांबले, कठड्याला टेकले. "आता भीती गेली ना?"

"मी कधी भ्याले होते?"

"बरं झालं," म्हणाले.

२२ जानेवारी

नाटक अंतिम फेरीला निवडलं गेलं. दहा मार्चला पुण्यात आहे. घरात साखर नव्हती, रेशनवर आलीच नाही. गुळाचा चहा करून सगळ्या मंडळींना पाजला. सगळे म्हणाले, आधी मयताला द्या.

९ फेब्रुवारी

हे गेले. मंगळवारी सकाळी कंपनीच्या फाटकाशी.

१७ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

त्या दिवशी आत्याबाई कुरुळीला भावाकडे होत्या. मालोजी मोटारसायकल घेऊन त्यांना आणायला निघाले. दवाखान्यातून दुपारी ह्यांना आमच्या ताब्यात दिलं. वाट बघितली. ऊन उतरलं, दोघांचा पत्ता नाही. लोक म्हणाले, वहिनी, अंधार पडेल, नदीवर दिवा नाही, किती वेळ ठेवायचं? सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. "न्या," म्हटलं.

मालोजींची गाडी भोसरीच्या अलीकडे बंद पडली होती. तिथून दोघं चालत आले. आत्याबाई दारात आल्या तेव्हा आम्ही सारवत होतो.

त्या ओरडल्या नाहीत. खाटेवर हात फिरवला आणि बसल्या. तेव्हापासून बोलत नाहीत. भिक्खू आले, त्रिसरण झालं, पंचशील झालं. त्यांनी हात जोडले, पण ओठ हलले नाहीत.

२४ फेब्रुवारी

अण्णासाहेब आणि मालोजी आले होते. अण्णासाहेब म्हणाले, आम्ही स्पर्धेतून नाव मागे घेतोय, तेवढं सांगायला आलो.

मी म्हटलं, "बरं."

मग मालोजी खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, एक गोष्ट माझ्या पोटात आहे. गुरुवारी आम्ही तालमीला जात नव्हतो. मोठ्या दवाखान्यात जात होतो. हृदयाची झडप खराब झाली होती त्याची, लहानपणच्या तापानं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. हा म्हणायचा, नाटक झालं की करू. मला शपथ घातली होती."

अण्णासाहेब पांढरे पडले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

माझ्या तोंडाला आलं ते बोलले. तुमच्या नाटकानं माझा माणूस खाल्ला म्हटलं. तो गोधडीखाली खोकत होता आणि तुम्ही विनोद केलात म्हटलं. मालोजी म्हणाले, "हो." एवढंच. मग मला आठवलं, सगळ्यांत जास्त मीच हसले होते.

तेवढ्यात आतून आवाज आला. इतक्या दिवसांनी पहिला.

"कसलं काम करत हुता त्यो?"

अण्णासाहेब मालोजींकडे बघायला लागले. शेवटी मालोजी म्हणाले, "मयताचं, आत्या."

आत्याबाई दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "मंग बंद कशापायी करताय? करा की. मला बघायचंय."

३ मार्च

मी खूप सांगून बघितलं. आत्याबाई, लोक तिथं हसतात. आत्याबाई, तुम्हाला सोसणार नाही. त्या म्हणतात, "तू बघितलंस न्हवं? मंग मी का न्हाई?"

मालोजी मयताचं काम करणार आहेत. मला यातलं काही नको आहे. पण त्यांना एकटं कसं पाठवू?

१० मार्च, रविवार

दुपारचा प्रयोग होता. थिएटर गच्च. आम्हाला कडेच्या दोन खुर्च्या दिल्या.

पडदा उघडला. तीच खाट, तीच गोधडी, ह्यांचीच पट्ट्यापट्ट्यांची विजार. आत माणूस फक्त दुसरा. आत्याबाई पुढं वाकून बघत होत्या. त्यांनी आयुष्यात नाटक बघितलेलं नाही. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

लोक हसत होते. कप उलटा केला तेव्हा हसले, लाकडंवाला चहा प्याला तेव्हा हसले. मालोजींनी काम चांगलं केलं, पण खोकले नाहीत. ह्यांना खोकला आला होता त्या जागी लोक गप्प बसले, आणि मालोजींना पुढचं वाक्य आठवायला वेळ लागला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

तिरडी बांधली. तीन खांदेकरी उभे राहिले. मालोजी उठले, उशी निजवली, गोधडी घातली, खांदा लावला. तिरडी उचलली.

आणि माझ्या शेजारी आत्याबाई उभ्या राहिल्या.

"आरं, थांबा की रं! च्या तरी पिऊ द्या त्याला! सकाळधरनं उपाशी हाय त्यो!"

 मग जो हशा फुटला! टाळ्या, शिट्ट्या. मागचा एक माणूस म्हणाला, "वा, म्हातारी काय बेमालूम बसवलीय!" दुसऱ्यानं आत्याबाईंच्या पाठीवर थाप दिली, "झकास, आजी!"

मालोजींनी शीळ घालत निघायचं होतं, पण ते निघालेच नाहीत. तिरडीचा दांडा खांद्यावर घेऊन नुसते उभे. तोंड वेडंवाकडं झालं आणि ते रडायला लागले. मयत रडतंय म्हणून लोक आणखीच हसले. बाकीचे तिघं गोंधळले. मग सुनेचं काम करणारी ती पुण्याची बाई आत जाऊन कप घेऊन आली. तिनं तो मालोजींच्या ओठाला लावला. त्यात काही नव्हतं, मला ठाऊक आहे, नाटकात काही नसतं. मालोजींनी तो सगळा प्याला. पडदा पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आत्याबाई मला म्हणाल्या, "प्याला न्हवं?"

मी "हो" म्हटलं.

१३ मार्च

अण्णासाहेब घरी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ढाल कोपऱ्यात ठेवली आणि खाली बसले. दिग्दर्शनाचं पहिलं पारितोषिक. परीक्षकांनी भाषणात म्हणे खास सांगितलं, प्रेक्षकांत वृद्ध स्त्री बसवून तिच्याकडून हाक मारवणं ही दिग्दर्शकाची अभिनव कल्पना आहे.

"मला तिथंच उठून सांगायचं होतं," अण्णासाहेब म्हणाले. "पाय उचलले नाहीत. वहिनी, उद्या जाऊन सांगतो आणि ही परत करतो."

आत्याबाई भांडी घासत होत्या. "काय म्हनतोय त्यो?"

मी सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "म्हंजी माझं काम आवडलं म्हना की त्यास्नी." आणि हसल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. अण्णासाहेब तोंड फिरवून रडले.

जाता जाता म्हणाले, चिंचवडच्या एका मंडळाचं बोलावणं होतं, प्रयोग करा म्हणून. नाही म्हणून कळवलंय.

"का?" आत्याबाई म्हणाल्या. "मी येते की."

मी ओरडले. "आत्याबाई, तुम्हाला कळतंय का? लोक तुम्हाला हसतात! तो तुमचा जयसिंग नाही, मालोजी आहे!"

त्या राखेचे हात तसेच धरून माझ्याकडे वळल्या. "मला कळत न्हाई व्हय, कस्तुरे? त्यो मालोजी हाय, ठावं हाय मला. लोक हसंनात का. पर तवा मला कुनी थांबलं न्हाई. मी भोसरीपास्नं चालत आले, पळत आले, दारात आले तर तू सारवत हुतीस. हितं मी हाक मारली, आन थांबले. चौघं बी थांबले."

 त्या दिवशी "न्या" कोण म्हणालं, ते त्यांनी मला कधीच विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.

३१ मार्च, रविवार

चिंचवडला प्रयोग झाला. अण्णासाहेबांनी ढाल परत नेली होती. परीक्षक म्हणाले, राहू द्या, घरगुती बाब आहे, बाहेर बोलू नका. ती आता कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लावलीय.

आज मी कुणाच्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. आत्याबाईंकडेच बघत होते. त्यांनी लुगडं नीट नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. तिरडी उचलली आणि त्या उठल्या. वरचे चौघं थांबले. आज ते वाटच बघत होते. सुनेच्या हातात कप तयार होता. खालचे लोकही मान वळवून बघायला लागले. कुणाकुणाला ठाऊक झालं होतं, म्हातारी ओरडते आणि मजा येते.

आत्याबाई बोलल्याच नाहीत. उभ्या राहून बघत राहिल्या. पट्ट्यांच्या विजारीकडं, खांद्यावरच्या दांड्याकडं, गोधडीकडं. कुणीतरी मागून खुदकन हसलं आणि गप्प झालं. स्टेजवर कुणी हललं नाही. मालोजी सरळ त्यांच्याकडे बघत होते. 

मग आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या, "न्या आता."

आणि बसल्या.

मालोजींनी मान हलवली. शीळ घातली नाही. चौघं सावकाश पावलं टाकत आत गेले. पडदा पडला तरी टाळी वाजली नाही. लोक उठून मुकाट्यानं बाहेर पडले.

बाहेर अजून ऊन होतं. बसच्या रांगेत उभ्या राहिलो तर आत्याबाई म्हणाल्या, "भूक लागली बग." समोरच्या गाडीवरून स्वतःच जाऊन भजी घेऊन आल्या. खायला लागल्या. पुडा माझ्यापुढं धरला, "घे की."

मी एक घेतलं. तोंडात घातलं, चावलं, पण गिळता येईना. भर रांगेत, सगळ्या लोकांदेखत, मला रडू फुटलं. ते थांबेचना. बस आली आणि गेली. आत्याबाईंनी मला धरून बाजूच्या ओट्यावर बसवलं आणि लोकांना सांगितलं, "जावा तुमी. आमी मागच्या गाडीनं येतो."